बूट बदलला, शाफ्ट बदलला, तरी वळणावर कटकट तशीच

पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायला लागलो की पहिल्या तीव्र वळणालाच डाव्या चाकातून आवाज सुरू व्हायचा. कट्-कट्-कट्-कट्, चाकाच्या वेगाबरोबर. स्टीअरिंग सरळ झालं की गप्प. चिपळूण ते कराड माझ्या महिन्याला तीन-चार फेऱ्या होतात, त्यामुळे कुठल्या वळणाला किती वाजेल हेही मला पाठ झालं होतं. चौदा महिन्यांत या एकाच बाजूला तीनदा काम निघालं. पहिल्यांदा शाफ्टच्या जॉइंटवरचा रबरी बूट बदलला, दुसऱ्यांदा गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा अख्खा शाफ्ट. तिसऱ्या वेळी मी स्वतःच गाडीखाली शिरलो. गॅरेजची नावं घेत नाही. सगळा दोष त्यांचा नव्हताच, "संध्याकाळपर्यंत गाडी हवी" असा तगादा दोन्ही वेळा मीच लावला होता.

गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, ओढ पुढच्या चाकांना. आपल्याकडे १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांच्या ओढीच्या गाड्या घरोघर झाल्या. त्याआधीच्या पद्मिनी आणि अॅम्बेसेडरला मागे जाणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याच्या सांध्यांचे क्रॉस असायचे. ग्रीसगन निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला लावायची, दोन दाब मारायचे, झालं. ती सवय अजून गेलेली नाही. आजही लोक सर्व्हिसिंगला गाडी देताना "एक्सलला ग्रीस मारा" असं सांगतात. पुढच्या चाकांच्या शाफ्टला निपलच नसतो. ग्रीस आत भरून रबरी बुटाने बंद केलेलं असतं आणि बूट धड असेल तर ते वर्षानुवर्षं तसंच चालतं. एकाने मला इंजेक्शनच्या मोठ्या सुईने बुटात ग्रीस भरायचा सल्ला दिला होता. त्या भोकातून पावसाळ्यात काय आत जाईल, याचा विचार त्याने केला नसावा.

आधी आवाज नक्की कुणाचा ते ठरवा, कारण चाकाजवळचा प्रत्येक आवाज शाफ्टचा नसतो. प्रत्येक शाफ्टला दोन जॉइंट असतात. चाकाकडचा बाहेरचा जॉइंट सहा गोळ्यांचा, तो चाकाबरोबर वळतो. गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट तीन रोलरचा, सस्पेन्शन वरखाली होताना शाफ्टची लांबी तो सांभाळून घेतो. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट येत असेल तर बाहेरचा जॉइंट. वेग घेताना गाडीच्या पुढच्या भागात थरथर येते आणि अॅक्सिलरेटर सोडला की थांबते, तेव्हा आतल्याकडे बघा. क्लच सोडताना एकच "धप्प" येत असेल तर आतला जॉइंट किंवा इंजिन ज्या रबरांवर बसतं ते माउंटिंग. आणि सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ ही बहुतेक वेळा चाकाच्या बेअरिंगची असते. त्यासाठी शाफ्ट बदललात तर घूं तशीच राहील आणि पैसे जातील.

मोकळ्या मैदानावर स्टीअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून पहिल्या गिअरमध्ये हळू चकरा मारा, मग पूर्ण उजवीकडे, मग रिव्हर्समध्ये तेच. काचा खाली, रेडिओ बंद. साधारणपणे वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट जास्त वाजतो. उजवीकडे वळताना आवाज असेल तर डावा, असं धरून सुरुवात करा. पण यावर पैज लावू नका. जॅकवर चाक उचलून शाफ्ट हाताने हलवून बघणं आणि बुटावर बॅटरी मारून बघणं हे जास्त भरवशाचं. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा गोल पट्टा उडालेला दिसला तर पुढचं काही विचारायलाच नको.

माझ्याकडे तिन्ही वेळा तो पट्टा होता.

आता पहिल्या दोन दुरुस्त्या का फसल्या ते. पहिल्यांदा बूट फाटला तेव्हा मला कळायलाच महिनाभर लागला, आणि तो महिना जुलैचा. आमच्याकडची लाल माती आणि पाणी महिनाभर जॉइंटमध्ये जात राहिलं. गॅरेजवाल्याने जुनं ग्रीस वरवर पुसलं, नवं भरलं, नवा बूट घातला. आठवडाभर आवाज कमी झाला. मग परत सुरू. हे होणारच होतं. गोळ्या ज्या खाचांतून धावतात त्या कडक पोलादाच्या आणि आरशासारख्या गुळगुळीत असतात. ग्रीसमध्ये माती मिसळली की ते ग्रीस राहत नाही, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट होते. एकदा खाचेत खड्डा पडला की वर कितीही चांगलं ग्रीस भरा, गोळी त्या खड्ड्यात आपटणार आणि कटकट येणार.

म्हणून जुनं ग्रीस चिमूटभर काढून अंगठा आणि तर्जनीत चोळून बघा. मऊ, तेलकट, एकसारखं लागलं आणि आवाज अजून नसेल तर फक्त बूट बदलून भागतं. बोटांत बारीक रवा लागला तर जॉइंट गेला, त्याच्यावर नवा बूट घालू नका. पाण्यासारखं पातळ किंवा दुधाळ करडं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या होत्या आणि नंतर इंजिन धुऊन चालू केल्या, त्यांनी बूट कधी उघडून बघितले नसतील तर अजूनही एकदा बघावेत.

दुसऱ्या वेळी पूर्ण शाफ्ट बदलला, बिनकंपनीचा, दुरुस्त केलेला. चार महिने चालला. आमच्या आळीतले मिस्त्री काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, तिसऱ्या वेळी त्यांनाच बोलावलं. मी उत्साहाने जुना बूट छिन्नीने कापून कचऱ्यात टाकणार तेवढ्यात ते ओरडले, "अरे थांब, टाकू नकोस! कुठे फाटलाय ते तरी बघ."

या अख्ख्या दुखण्याची किल्ली तिथेच होती. जॉइंट सहसा स्वतःहून मरत नाही. आधी बूट जातो आणि मग जॉइंट. आणि बूट का गेला हे त्याच्या फाटण्यावर लिहिलेलं असतं. बुटाच्या घड्यांच्या, म्हणजे वळ्यांच्या, खोबणीत सगळीकडे बारीक कोरड्या चिरा असतील तर रबर जुनं झालं. दुरुस्त केलेल्या शाफ्टवर कधी कधी वर्षानुवर्षं पडून राहिलेला बूट चढवलेला असतो. एकच सरळ, धारदार चीर असेल तर दगड, तार किंवा मागच्या कामात लागलेली छिन्नी. रबर फुगलेलं, चिकट, बोटाने दाबल्यावर लगद्यासारखं लागत असेल तर त्याला तेल लागलं आहे. बूट अख्खा आहे पण एका टोकाने सरकून उघडा पडला आहे, तर बूट आवळणारी पट्टी किंवा बसवण्याची जागा चुकली. आणि वळीवर एखादा चकचकीत घासलेला डाग असेल तर बूट आत चेपून कशाला तरी घासत होता.

माझा बूट दोन कारणांनी गेला होता. बारीक टोक शाफ्टवरच्या आपल्या खाचेत नव्हतं, जवळजवळ बोटाच्या पेराएवढं पुढे सरकलेलं. त्यावर कारखान्याची पट्टी नव्हती, बांधायची तार पिळून लावली होती. तारेचा दाब एका रेषेवर येतो, तिथेच रबर कापलं गेलं. आणि मधल्या एका वळीवर तो चकचकीत डाग. म्हणजे बूट आत चेपलेला होता. तो का चेपतो ते पुढे येतंच. शिवाय आत भरलेलं ग्रीस पिवळं होतं. चाकाच्या बेअरिंगचं.

ग्रीसवर थोडं थांबतो, कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात. बाहेरच्या जॉइंटमध्ये गोळ्या नुसत्या गरगरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासतही असतात. म्हणून तिथे मोलिब्डेनम डायसल्फाइडवालं काळं ग्रीस लागतं. दुकानात "मोली ग्रीस" किंवा "सीव्ही जॉइंटचं ग्रीस" म्हणून मागा, या जॉइंटना सीव्ही जॉइंट म्हणतात. दाबाखाली तेलाचा थर फाटला तरी त्या काळ्या भुकटीचे पातळ पापुद्रे धातूंच्या मध्ये राहतात. आतल्या तीन रोलरच्या जॉइंटमध्ये मात्र सुईबेअरिंग असतात आणि बऱ्याच गाड्यांत तिथलं ग्रीस वेगळं दिलेलं असतं. बूट किटबरोबर ग्रीसची पुडी येते ती कुठल्या जॉइंटची आहे हे वाचून मगच फोडा. दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नका. काही मिश्रणं पातळ होऊन तेल सोडतात.

किती भरायचं? पुडीत येतं तेवढं, पूर्ण. लहान गाडीच्या बाहेरच्या जॉइंटला साधारण ८० ते १२० ग्रॅम. जॉइंट वाकवत वाकवत निम्म्याहून जास्त ग्रीस गोळ्यांच्या मागे अंगठ्याने दाबून भरायचं. पलीकडून बाहेर येईपर्यंत दाबा. उरलेलं बुटात. "जास्त घातलेलं बरं" असं इथे नसतं. ठासून भरलं तर वळताना बूट फुगतो आणि पट्टीखालून ग्रीस बाहेर काढतो. नवीन पूर्ण शाफ्ट बहुतेक वेळा भरूनच येतो, त्यात भर घालायची नाही. दुरुस्त केलेला असेल तर बारीक टोकाची पट्टी सोडून आत नजर टाका. आत काय भरलंय याचा भरवसा नसतो.

आणि रॉकेल किंवा डिझेल. जॉइंट त्यात धुवायची आपल्याकडे पद्धतच आहे. धुवा, पण मग हवा मारून अगदी कोरडा होऊ द्या. गोळ्या धरणाऱ्या पिंजऱ्याच्या फटीत राहिलेलं चमचाभर रॉकेल नव्या ग्रीसला पातळ करतं आणि बुटाचं रबर फुगवतं. आम्ही धुतलेले भाग दुपारभर उन्हात ठेवले. काकांनी मधल्या वेळात दोन चहा घेतले आणि मला तीन वेळा विचारलं, "घाई आहे का तुला?"

उतरवण्याची सुरुवात चाक जमिनीवर असतानाच. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, नटाची चेपलेली कड आधी पंचने सरळ करा, नाहीतर नट येताना शाफ्टचे आटे घेऊन येईल. माझ्या गाडीला ३० चा सॉकेट लागला, काहींना ३२. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने लांब पाइप लावून नट नुसता सैल करायचा. मग जॅक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड. मागच्या चाकांना दगड. गिअरबॉक्सचं तेल काढण्याआधी भरायचा वरचा नट सुटतोय का ते बघा. तो आत गंजून अडकला असेल आणि खालचं तेल काढून बसलात तर गाडी तिथेच राहील. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट हब धरणाऱ्या नकलमधून सोडवला की हब बाहेर ओढून शाफ्टचं टोक निघतं. अडलं तर नट टोकाशी सपाट फिरवून लाकडाचा ठोकळा ठेवून मारा. उघड्या टोकावर हातोडा मारलात तर आटे चेपतील. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, ते बघत राहा.

आतलं टोक सोडवताना एकच गोष्ट लक्षात ठेवा: शाफ्टची दांडी ओढायची नाही. ओढलीत तर तीन रोलर कपातून बाहेर येतात आणि कप गिअरबॉक्सलाच राहतो. कप आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉमी, म्हणजे छोटी पहार, घालून, खाली लाकडी फळीचा तुकडा ठेवून झटका द्यायचा. कप अडकवून ठेवणारी कडी, सर्क्लिप, सुटली की कप बाहेर येतो. हबकडचं टोक निघालं की शाफ्टला लोंबकळू देऊ नका, दोरीने बांधा.

बांधून बाजूला वळलो आणि गिअरबॉक्सच्या बाजूला हात लावला तर हात तेलकट. ऑइल सील गळत होतं. आतल्या बुटाचा खालचा भाग त्याच तेलात भिजून मऊ झालेला. दोन कारणं सापडली. एक, सीलच्या ओठावर आडवी चीर, म्हणजे मागच्या वेळी शाफ्ट तिरका घातला आणि त्याच्या दात्यांनी रबर कापलं. दुसरं कारण मला सुचलंही नसतं. गिअरबॉक्सवर हवा सुटण्यासाठी एक छोटी टोपी असते, ब्रीदर. तिच्यावर लाल माती वाळून दगड झाली होती. घाटात गिअरबॉक्स तापतो, आतली हवा फुगते, वर वाट नाही, मग ती तेल घेऊन सीलमधून बाहेर पडते. नुसतं सील बदललं असतं तर महिन्याभरात नवं सीलही गळायला लागलं असतं. टोपी काढून साफ केली, फुंकर मारून बघितली.

नवं सील जुन्याएवढ्याच खोलीवर, स्प्रिंगची बाजू आत, मापाच्या सॉकेटने चारही बाजूंनी हलकं ठोकत बसवलं. ओठाला बोटाने गिअर ऑइल लावलं. कोरड्या ओठावर शाफ्ट फिरला तर पहिल्याच किलोमीटरला ओठ जळतो.

नवा शाफ्ट जुन्याशेजारी सतरंजीवर आडवा ठेवून जुळवा: लांबी, दोन्ही टोकांचे दाते मोजून, आणि एबीएसची रिंग असेल तर तीही. सर्क्लिप नवी वापरा. ती खाचेत ग्रीसच्या थेंबाने मधोमध चिकटवून ठेवा, म्हणजे घालताना लोंबून अडणार नाही. आतल्या दात्यांना गिअर ऑइलचा हात, हबमध्ये जाणाऱ्या दात्यांना मोली ग्रीसचा अगदी पातळ थर, दाते दिसत राहतील एवढाच. जॉइंटचा खांदा हबच्या बेअरिंगला जिथे टेकतो तिथेही तसाच थर. गाडी निघताना येणारा एकच "टिक" बरेचदा त्या कोरड्या खांद्याचा असतो आणि लोक त्यासाठी जॉइंट बदलतात. नटाच्या आट्यांना मात्र काही लावू नका, टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, हिशोब चुकतो.

शाफ्ट आडवा धरून, सीलला न शिवता, दाते जुळेपर्यंत हलकं फिरवत आत न्यायचा आणि शेवटी एक ठाम ढकल. "टक्" असा आवाज हाताला कळतो. मग कप हाताने धरून मागे ओढून बघायचा, दांडी नाही. मला पहिल्या खेपेला टक् आलंच नाही. दाते अर्ध्या दाताने चुकलेले होते. काका म्हणाले, "ठोकू नकोस, चाकाकडून थोडं फिरव." फिरवलं, गेलं.

बुटाची हवा मी सगळ्यात शेवटी सांगतो, कारण माझ्या बाबतीत दुखणं इथेच होतं. बूट चढवण्याआधी दोन्ही टोकांच्या बसण्याच्या जागा कोरड्या पुसा. तिथे ग्रीसचा हात लागला असेल तर घट्ट पट्टीखालूनही बूट सरकतो. बारीक टोक खाचेत बसलं की त्याची पट्टी लावा. मोठ्या टोकाची लावायच्या आधी जॉइंट सरळ धरा आणि बुटाच्या कडेखाली एक बारीक बोथट पेचकस सरकवा. आत कोंडलेली हवा "फुस्स" करून बाहेर येते किंवा बाहेरची आत जाते आणि चेपलेला बूट डोळ्यांदेखत वर येतो. वळ्या सारख्या दिसल्या की मग पट्टी आवळायची. हे केलं नाही तर बूट आत चेपलेलाच राहतो, वळी वळीला घासते, आणि चार महिन्यांनी तुम्ही परत जॅक काढता. पट्टी मूळ मापाचीच घ्या आणि तिच्या चिमट्याने दाबा. केबल बांधायची प्लॅस्टिकची पट्टी बाहेरच्या जॉइंटला पावसाळाही काढत नाही. चढवून झाल्यावर बुटाला पीळ नाही ना, ते डोळ्यांनी बघा.

हबचा नट नवाच घ्यायचा. टॉर्कचा आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, लहान गाड्यांतही तो गाडीगणिक बराच वेगळा असतो. अंदाजाने "पूर्ण जोर" लावू नका. नट पूर्ण आवळल्याशिवाय चाकावर गाडीचं वजन टाकू नका आणि गाडी ढकलूही नका. बेअरिंगच्या कड्या त्या नटानेच एकत्र धरलेल्या असतात. शेवटी नटाची कड शाफ्टच्या खाचेत पंचने चेपायची. गिअर ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जातीचं, गाडी सपाटीवर ठेवून, वरच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत.

इंजिन माउंटिंगही त्याच दिवशी बघून घेतलं. बॉनेट उघडून, हँडब्रेक लावून, आत बसलेल्याने क्लच जरा सोडला की इंजिन किती उसळतं ते कळतं. माझं एक रबर फाटलेलं निघालं. इंजिन जितकं उसळतं तितका आतला जॉइंट आपल्या मर्यादेपर्यंत ओढला जातो, तेव्हा तेही बदललं.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाक न काढता स्टीअरिंग पूर्ण वळवून बूट, पट्ट्या आणि रिमची आतली बाजू बघितली. कोरडं. नंतर दर महिन्याला गाडी धुताना बघतो, अर्धं मिनिट लागतं. गेल्या खेपेला उजव्या बाजूच्या बुटाच्या दुसऱ्या वळीत केसाएवढ्या चिरा दिसल्या. ग्रीस अजून आतच आहे, आवाज नाही. किट आणून ठेवलं आहे आणि काकांना रविवार विचारला आहे.